चौथं पान

१२ जानेवारी

निधीचे अर्ज आज उघडले. अठ्ठेचाळीस आले. गेल्या वर्षीपेक्षा संख्या जास्त आणि अक्षर वाईट.

हा निधी एका बाईंनी मृत्युपत्रात ठेवला. त्यांना मूल नव्हतं, आणि चित्रं काढायची हौस राहून गेली होती. नव्या कलाकारांनी शहरातल्या रस्त्यावर, चौकात, भिंतीवर थोड्या दिवसांपुरतं काहीतरी करावं, खर्च निधीनं द्यावा आणि मुदत संपली की जागा होती तशी करून द्यावी, अशी त्यांची अट. सचिव म्हणून सहा वर्षं मी ती पाळते आहे. बाकीचे नियम माझे. अर्ज हातानं लिहिलेला हवा, कारण टाइप केलेले अर्ज सगळे एकाच शिकवणीला गेल्यासारखे दिसतात. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं. आणि तीन पानांपेक्षा जास्त नाही. आपलं काम तीन पानांत सांगता येत नसेल, तर ते अजून आपल्यालाच कळलेलं नाही असं समजावं.

तरी दरवर्षी सात-आठ जण चार-पाच पानं लिहितातच. जास्तीची पानं मी पिन काढून बाजूला करते. वाचत नाही. वाचली तर नियम पाळणाऱ्यांवर अन्याय होतो. परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली ती उगाच नाही. ती पानं फेकतही नाही, मागची बाजू कोरी असते. स्वयंपाकघरात क्लिपला लावून ठेवते, सामानाच्या याद्यांना वर्षभर पुरतात.

ह्यांचं त्यावर ठरलेलं बोलणं असतं. (नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला नाही, वहीतही नको.) आज म्हणाले, "मी साबण आणायला जातो आणि माझ्या खिशात कुणाचा तरी जीव असतो." निवृत्त झाल्यापासून ह्यांना असलं सुचायला वेळ फार.

२० जानेवारी

मुलाखती संपल्या. समिती आमची चौघांची: अध्यक्ष वास्तुविशारद, ऐंशीच्या घरातले. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक. तिसरा शिल्पकार, पंचेचाळिशीचा, आमच्यातला सगळ्यात लहान म्हणून सगळ्यात जास्त बोलणारा. आणि मी. प्रत्येक उमेदवाराला आठ मिनिटं, मग मी घंटी वाजवते.

पाच जणांना निवडलं. त्यात एक मुलगी आहे, तयार कपड्यांच्या कारखान्यात काम करते, विणकाम शिकली आहे. मोठ्या चौकाखालच्या भुयारी मार्गाला पाच जिने आहेत. त्यांच्या कठड्यांना ती लोकरीचं आवरण विणून घालणार, प्रत्येक जिन्याला वेगळी वीण. डोळे मिटून नुसत्या हातानं कळावं कुठल्या जिन्यावर आहोत, अशी कल्पना. मी विचारलं, लोकर भिजली तर काय. म्हणाली, वाळेल. अध्यक्ष हसले. मला उत्तर आगाऊ वाटलं, पण खोटं नव्हतं. कठड्याबद्दल शिल्पकारानं काही विचारलं तेव्हा "ते अर्जात सविस्तर लिहिलंच आहे" म्हणाली. घंटीच्या आत संपवणारी ती एकटीच.

मी तिला मनात लोकरवाली म्हणते.

३ मार्च

भुयारी मार्गात जाऊन काम पाहिलं. सांगायला हरकत नाही की छान झालं आहे. त्या कळकट बोगद्यात रंग आल्यासारखं वाटतं. एका जिन्याला बारीक घट्ट वीण, एकाला दोरखंडासारखे पीळ, एकाला छोटे गोळे. शाळेतल्या दोन मुली डोळे मिटून चालत होत्या आणि एकमेकींवर आदळत होत्या. मीही पिशवी दुसऱ्या हातात घेऊन हात फिरवला. कुणी बघत नव्हतं.

एक खोट आहे. कठड्याला वर जी लाकडी पट्टी आहे तिच्यावर जागोजागी विणकामात भोकं राहिली आहेत, दोन बोटं जातील एवढी. विचारलं तर म्हणाली, मुद्दाम ठेवली आहेत. हल्लीच्या मुलांचं सगळंच मुद्दाम असतं.

तिथेच एक माणूस भोकात बोट घालून उभा होता. उसवत असेल म्हणून मी त्याला हटकलं. "उसवत नाही, वाचतोय," म्हणाला. मग त्याच्या बगलेतली पांढरी काठी दिसली, म्हणून मी पुढचं बोलले नाही.

२७ मार्च

निधीच्याच वर्षभराच्या मोठ्या शिष्यवृत्तीसाठी लोकरवालीचं नाव आज एकमतानं ठरलं. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेनं तिला बोलावलं आहे, तिथे आमचं शिफारसपत्र लागेल. ते मेमध्ये द्यायचं. त्या भरवशावर तिनं कारखान्यातली नोकरी सोडली. थोडं थांबायला हवं होतं. पण आनंद झाला आहे तिला, आणि खरं तर मलाही.

१३ एप्रिल

कामाची मुदत संपली. तीन दिवसांत जागा पूर्ववत करायची. लोकरवालीचा फोन, गावाहून. आईचं ऑपरेशन झालं आहे, पाच दिवस द्या. विणकाम मैत्रिणी उतरवतील, पण कठड्यांच्या रंगाचं काम मी आल्याशिवाय सुरू करू नका. मी म्हटलं, सवलत एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते. रंगारी मी बघते, तू आईकडे बघ. ती म्हणाली, "मॅडम, कठड्याचं मी अर्जात..." मी म्हटलं, "तुझा अर्ज मला पाठ आहे."

बोलणं लांबवण्यात अर्थ नसतो. आईची चौकशी करायची राहिली, ते नंतर लक्षात आलं.

१६ एप्रिल

रंगाऱ्याबरोबर स्वतः उभी राहिले. लोकर निघाल्यावर पाहिलं तर लाकडी पट्टीवर कुणी तरी खाचा पाडून ठेवलेल्या. लोकांचे हात कसे शिवशिवतात कळत नाही. रंगारी जरा घुटमळला. म्हणाला, बाई, ह्या मोजून पाडल्यासारख्या दिसतात, राहू देऊ का? मी म्हटलं, सार्वजनिक मालमत्ता आहे, पुट्टी भरा, काचकागद मारा, दोन हात रंग द्या. एक ओरखडा दिसता कामा नये.

संध्याकाळपर्यंत पाचही कठडे नव्यासारखे झाले. होते त्याहून चांगले. निधीची फाइल ताठ मानेनं बंद करता येईल असं काम.

२१ एप्रिल

सकाळी शिल्पकाराचा फोन. भुयारी मार्गातून रोज जाणारा एक आंधळा माणूस परवा चुकीच्या जिन्यानं वर गेला आणि थेट मोठ्या रस्त्यावर निघाला. स्कूटरनं उडवलं. मनगट मोडलं आहे, डोक्याला टाके आहेत. नोकरीला रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर आहे.

तो कठड्यावरच्या खाचा मोजून जिना ओळखत असे. एक खाच म्हणजे रुग्णालय, दोन म्हणजे बसथांबा, तीन बाजार, चार मोठा रस्ता, पाच बाग. मधल्या जागेत गटाराच्या कामासाठी पत्रे उभे केले आहेत, त्यामुळे पावलांचा हिशेब चुकला. हात कठड्यावर गेला तर कठडा गुळगुळीत.

शिल्पकार म्हणाला, हे त्या मुलीला माहीत असणारच, तिनं महिनाभर तिथे मापं घेतली. मी म्हटलं, असणारच. मग तिनं सांगायला हवं होतं.

फोन ठेवल्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. ह्यांनी येऊन दूध उतरवलं.

२४ एप्रिल

तातडीची बैठक. लोकरवालीला बोलावलं होतं. आली ती रडून झालेल्या डोळ्यांनी, पण आवाज घट्ट होता. म्हणाली, मी अर्जात सगळं लिहिलं होतं. खाचा कुणाच्या, कशाला, आणि रंग देताना त्यांना हात लावू नये. शेवटच्या पानावर. चार पानं होती.

अध्यक्षांनी फाइल मागवली. अर्ज तीन पानांचा. तिसऱ्या पानाच्या शेवटी पूर्णविराम.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "फाइलमध्ये तीन पानं आहेत."

शिल्पकारानं विचारलं, तुम्ही जास्तीची पानं काढता ना? मी म्हटलं, नियमाप्रमाणे काढते, पण ह्या अर्जाला चौथं पान होतं असं मला आठवत नाही. औषधवाले म्हणाले, तीनच्या पुढे वाचायचं नाही हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, असलं तरी त्याला अर्थ नाही. तिच्याकडे नक्कल नव्हती. हातानं लिहिलेल्याची नक्कल कोण ठेवतो?

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. पुढे काही बोलेन अशी वाट बघत होती.

शिष्यवृत्ती आणि शिफारसपत्र दोन्ही रद्द करायचं की नाही, त्याचा निर्णय सहा मेला. निष्काळजीपणा आणि वर खोटं बोलणं, असे दोन मुद्दे औषधवाल्यांनी लिहून घेतले.

२५ एप्रिल

मी खोटं बोलले नाही. फाइलमध्ये तीन पानं आहेत. आठवत नाही, हेही खरं आहे.

२६ एप्रिल

हे हल्ली सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात. गुडघ्यांची तक्रार सांगणारा माणूस पाच-पाच जिने चढउतार करतो म्हणे. मी म्हटलं, बागेत सपाट रस्ता आहे. म्हणाले, "बागेत काही वाचायला नसतं." ह्यांच्या बोलण्याचा अर्थ लावत बसलं तर दिवस जाईल.

जेवताना मधेच विचारलं, "ती क्लिपची पानं तू उलटून बघतेस का कधी?" मी म्हटलं, नाही, आणि आज वरण खारट झालं असेल तर तसं सांगा. वरण खारट झालं नव्हतं.

२८ एप्रिल

क्लिपला उरलेली सगळी पानं आज काढून बघितली. अकरा. एकही तिचं नाही. मोकळा श्वास घेतला. तो घेतला म्हणजे मी कशाला भीत होते हेही लिहिलं पाहिजे, पण नको.

दुपारी औषधाच्या गोळ्या काढायला डबा उचलला तर खाली घडी केलेला कागद. माझं अक्षर: मीठ, कपड्यांचा साबण, बल्ब दोन, काडेपेटी, सुतळी, ह्यांच्या गोळ्या. सगळ्यासमोर ह्यांच्या लाल पेन्सिलीच्या खुणा. सामान आणून झालं की हे यादी फेकून देतात. ही कशी राहिली कुणास ठाऊक. मीच ठेवली असेन.

उलटली.

वर कोपऱ्यात चार आकडा, त्याला गोल. हिरव्या शाईचं तिचं अक्षर. सुवाच्य.

"लाकडी पट्टीवरच्या पंधरा खाचा एका टेलिफोन ऑपरेटरनी दहा वर्षांपूर्वी स्वतः पाडल्या. ते आणि त्यांचे दोन सहकारी ह्या खाचांवर चालतात. माझी कल्पना मुळात त्यांची आहे. विणकामात खाचांच्या जागा उघड्या ठेवीन. काम उतरवल्यावर पट्टीला काचकागद, पुट्टी किंवा रंग लावू नये. पूर्ववत म्हणजे खाचांसह. हे कृपया ठरावात लिहून घ्यावं, नाहीतर कुणीतरी चांगल्या हेतूनं बुजवून टाकेल."

चांगल्या हेतूनं. जानेवारीत लिहिलं आहे तिनं हे.

२९ एप्रिल

कागद वहीत ठेवला आहे. जाळायचा विचार आला होता. मी तशी बाई नाही असं मी आजवर समजत आले, तेव्हा विचार आला होता हे इथे लिहून ठेवते.

१ मे

तरी नियमाचं काय? तीन पानं म्हणजे तीन पानं. तिला अक्षर बारीक काढता आलं असतं. रेषा वाचवता आल्या असत्या. सगळ्यात महत्त्वाचं शेवटी कशाला लिहायचं?

हे सगळं मी ह्यांना ऐकवलं, कुणाबद्दल ते न सांगता. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "माणूस महत्त्वाचं शेवटीच बोलतं. जिन्यात, चपला घालताना." आणि परत वाचायला लागले.

परीक्षा विभागात असताना एका वर्षी निकालानंतर कपाटामागे एक सुटी पुरवणी सापडली होती. दोरा निसटलेला. नियम स्पष्ट होता, सुटी पुरवणी धरायची नाही. मी तसा शेरा मारला, सही केली, कागद बांधला. त्यावर वरिष्ठांनी माझं कौतुक केलं होतं. चोवीस वर्षं झाली. मी तेव्हा त्यावर एक रात्रही जागले नाही.

बैठक क्रमांक ४१७३२. अजून आठवतो.

३ मे

रुग्णालयात गेले. टेलिफोनची खोली तळघरात, औषधांच्या वासापासून दूर. टेबल, दोन फोन, एक खुर्ची पाहुण्यासाठी. तिच्यावर कुणी बसत नसावं, गादी अजून ताठ होती. ऑपरेटरचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, डाव्या हातानं फोन जोडत होता. रजा दिली होती म्हणे, घेतली नाही. पन्नाशीचा आहे.

मी कोण ते सांगायच्या आधीच म्हणाला, "उसवू नका म्हणणाऱ्या बाई ना तुम्ही?"

मी निधीची सचिव असल्याचं सांगितलं. चौकशीला आले म्हटलं. हात कसा आहे विचारलं. म्हणाला, हात जुळेल. सहा आठवडे खाचा पाडायला कानस धरता येणार नाही, एवढीच पंचाईत. डाव्या हातानं घासून बघितलं, पण खाच तिरकी पडते, आणि तिरकी खाच बोटाला खोटं सांगते. तोवर त्याला त्याची बहीण आणून सोडते. दुसरे दोघं, एक रुग्णालयाच्या चादरी-कपडे सांभाळणारा आणि एक मालिश करणारी बाई, रिक्षानं येतात. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी हात धरून कामाला यावं लागतं. हे तो तक्रारीसारखं बोलत नव्हता. मधेमधे फोन जोडत होता, "बालरोग, थांबा," "क्ष-किरण, देतो."

मग म्हणाला, "त्या पोरीवर आळ घेऊ नका हं. तिनं माझ्यासमोर बसून लिहिलं. ह्याच खुर्चीत. मी सांगत होतो, ती लिहीत होती. चौथं पान लागलं तेव्हा मी म्हटलं, नियम तीनचा आहे ना, हे कमी कर. म्हणाली, काका, आधीच्या तीन पानांत माझी फुशारकी आहे. खरं ते ह्या पानावर आहे. ते कसं कमी करू?"

मी पर्समध्ये हात घातला होता. कागद बोटांना लागत होता. फोन वाजला, त्यानं उचलला, आणि मी नमस्कार करून निघाले. त्याला दिसला नसणार.

खुर्चीत बसले होते हे आत्ता लिहिताना आठवलं. त्याच.

५ मे

ह्यांनी विचारलं, उद्या बैठक ना? मी हो म्हटलं. म्हणाले, "आठ दिवस झाले, तू यादी केली नाहीस. घरात मीठ संपलं आहे." मी म्हटलं, तोंडी सांगते, मीठ आणा. "मीठ मी आणतो गं," म्हणाले, "तू तुझं बघ."

चाळीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं, आणि मला राग आला नाही.

६ मे

घडलं तसं लिहिते.

अध्यक्षांनी विषय मांडायच्या आत मी कागद टेबलावर ठेवला आणि वाचून दाखवला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मग सांगितलं: हे पान मी काढलं, न वाचता. मागे सामानाची यादी लिहिली. मुलीनं फोनवर सांगायचा प्रयत्न केला, तिला बोलू दिलं नाही. रंगाऱ्यानं शंका काढली, त्याला गप्प केलं. मागच्या बैठकीत आठवत नाही म्हणाले, ते खरं होतं. पण आठवायचा प्रयत्न मी केला नाही, कारण काय आठवेल ते मला ठाऊक होतं. आणि हा कागद आठ दिवस माझ्या वहीत होता.

मग अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि मृदू आवाजात म्हणाले, मुलीचं शिफारसपत्र देऊन टाकू, शिष्यवृत्तीही राहू दे. हे बाकीचं इतिवृत्तात यायलाच हवं असं नाही. निधीचं नाव आहे, तुमचं वय आहे.

म्हणजे मला सोडत होते. सोडणं किती सोपं असतं ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मी म्हटलं, इतिवृत्त मी लिहिते, आणि ते मी लिहून आणलं आहे. फक्त सही करा. त्याबरोबर माझा राजीनामाही होता. तो ठेवून घेतला. औषधवाल्यांनी त्यांचे दोन मुद्दे स्वतःच्या हातानं खोडले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते.

लोकरवाली बाहेर बसली होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं आणि पान हातात दिलं. तिनं आपलं अक्षर वाचलं नाही. उलटून यादी वाचली, वरपासून खालपर्यंत, लाल खुणांसकट.

"मीठ," म्हणाली.

मी म्हटलं, चूक माझी आहे आणि ती लेखी आहे. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, अर्ज पाठ आहे."

"तीन पानं पाठ होती," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. ऐकल्याची, माफ केल्याची नाही. पान घडी करून पिशवीत ठेवलं आणि विचारलं, काकांना हे सांगितलं का? मी नाही म्हटलं. "मग मला काय सांगताय आधी," म्हणाली, आणि गेली. आई आता कशी आहे हे विचारायला मी जिन्यापर्यंत मागे गेले. बरी आहे, म्हणाली, न थांबता.

७ मे

ऑपरेटरना सांगितलं. मधे तीन फोन आले, त्यामुळे मला एकच गोष्ट तीनदा सुरू करावी लागली. सगळं ऐकून म्हणाले, "तरीच त्या दिवशी तुम्ही एवढ्या गप्प बसलात. गप्प माणसाचा आवाज मला बरोबर येतो." रागावले का ते कळलं नाही. रागावायला हवं होतं.

मग विचारलं, "तुमच्या हातात जोर आहे का?"

मी म्हटलं, एकतीस वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलले आहेत.

९ मे

सकाळी ह्यांच्याकडे कानस आहे का विचारलं. एका शब्दानं कशाला म्हणून न विचारता कपाटातून काढून दिली. कोरी, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. घरात नवी कानस होती हे मला माहीतच नव्हतं. ह्यांना हत्यारं आणून ठेवायची जुनी सवय.

भुयारी मार्गात दहा वाजता पोचले. ऑपरेटर आधीच उभे होते, बहिणीला त्यांनी घरी पाठवून दिलं होतं. मी विचारलं, परवानगी कुणाकडून काढायची. म्हणाले, दहा वर्षांपूर्वी मी कुणाकडून काढली होती? मी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज न करता काहीतरी केलं.

ते डाव्या हाताची वीत टाकून जागा दाखवत, अंगठ्याच्या नखानं खूण करत. मी घासायची. माझा रंग, माझी पुट्टी. पांढरी भुकटी हातावर, साडीवर. पुट्टी संपली की खाली लाकूड लागतं आणि आवाज बदलतो. जुनी खाच खाली तशीच असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. काचकागद फार चांगला मारला होता रंगाऱ्यानं. मीच उभी होते ना.

"अजून खोल," ते म्हणत. मी घासायची. ते अंगठा फिरवत. "अजून."

एक गृहस्थ थांबले, हातात बॅग, कपड्यांना इस्त्री. म्हणाले, बाई, सार्वजनिक मालमत्ता आहे ही, तुमच्या वयाला शोभतं का? काय चाललंय हे?

"मुद्दाम करते आहे," मी म्हटलं.

ते बराच वेळ माझ्याकडे आणि मग ऑपरेटरांच्या काठीकडे बघत राहिले, आणि गेले.

बारा वाजेपर्यंत सहा झाल्या. रुग्णालयाची एक, बसथांब्याच्या दोन, बाजाराच्या तीन. बोटांना फोड आले. ऑपरेटर म्हणाले, आता डोळे मिटा आणि इथून निघून बाजाराचा जिना शोधून दाखवा. मी म्हटलं, मला दिसतंय सगळं. म्हणाले, म्हणूनच.

मी डोळे मिटले. चार पावलांतच दिशा गेली. लोक अंगाला घासून जात होते आणि प्रत्येक जण अंगावर येतो आहे असं वाटत होतं. कठडा हाताला लागला तेव्हा तो मी दोन्ही हातांनी धरला. बोटं फिरवली. एक. दोन. पुढे गुळगुळीत.

"बसथांबा," मी म्हटलं.

डोळे उघडले तर समोर बाजाराचा जिना.

ऑपरेटरनी तिसऱ्या खाचेवर अंगठा ठेवला. मी घासली होती तीच, माझ्या अंदाजानं पुरेशी. नुसता अंगठा तिथे ठेवून उभे राहिले, मी बघेपर्यंत.

उद्या आधी बाजाराची तिसरी पुन्हा घ्यायची. मग मोठ्या रस्त्याच्या चार.